ट्यूबलाइटचा अखेरचा हिशेब

देवळाली कॅम्पात लॅम रोडलगतच्या जुन्या बंगल्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत दिवेलागणीला अजूनही एखादी ट्यूबलाइट फडफडते. प्रथम स्टार्टर बदलला जातो, मग चोक, आणि टोके काळी पडली की अखेर नळी. पिवळ्या बल्बपेक्षा स्वस्त उजेड देऊन मध्यमवर्गाची सोबत करणारी ही व्यवस्था आता निरोपाच्या वाटेवर आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ सालच्या जिनिव्हा परिषदेत अशा नळ्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे ठरले. भारत २०१८ पासून या कराराने बांधलेला आहे.

केवळ खर्चाच्या दृष्टीने पाहता हा निरोप तोट्याचा नाही. ४० वॅटची जुनी नळी आणि तिचा तांब्याचा चोक मिळून सुमारे ५० वॅट वीज खातात. घरापुरता तेवढा उजेड २० वॅटची एलईडी पट्टी देते. दिवा रोज पाच तास जळला, तर वर्षाला सुमारे ५५ युनिटे वाचतात. युनिटला आठ रुपये धरले, तर ही बचत ४४० रुपयांच्या घरात जाते. एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्रांत जळणारा कोळसा वाचतो, तो वेगळाच.

मग अजून चोकच का बदलला जातो? कारण दिवा घरमालकाचा आणि विजेचे बिल भाडेकरूचे! ज्याने खर्च करावा त्याला बचत मिळत नाही. ज्याला बचत मिळेल त्याला अकरा महिन्यांनी घर सोडावे लागण्याची धास्ती असते. शिवाय महिनाअखेरीस स्टार्टर परवडतो, पट्टी परवडत नाही. हा अडाणीपणा नव्हे. तो तुटपुंज्या मिळकतीचा व्यवहार आहे.

परंतु खरा प्रश्न याही पुढचा आहे. प्रत्येक नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो. नळी शाबूत असेपर्यंत तो कोणाला बाधत नाही. ती फुटली की त्याची वाफ हवेत मिसळते आणि सर्वांत आधी कचरा वेचणाऱ्याच्या श्वासात जाते. बचत घरमालकाची किंवा भाडेकरूची, अपाय मात्र तिसऱ्याचाच! २०१६ च्या ई-कचरा नियमांत या नळ्यांचा समावेश झाला आणि त्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आली. २०२२ च्या नियमांनीही ती कायम ठेवली. तथापि, ज्या दुकानातून नवी पट्टी घरी येते तेथे जुनी नळी परत देता येत नसेल, तर ग्राहकाच्या दृष्टीने तो नियम कागदावरच राहतो.

जुन्या नळ्या आता एकाच काळात भिंतींवरून उतरणार आहेत. म्हणूनच जुनी नळी शाबूत आणून देणाऱ्यास नव्या पट्टीच्या किमतीत थोडी सूट द्यावी, तिचा भार उत्पादकाने सोसावा आणि नगरसंस्थांनी अशा नळ्या वेगळ्या गोळा कराव्यात. उजेडाची किंमत बिलात दिसते. विझलेल्या दिव्याची किंमत कोणी मोजायची, हे आजच ठरविले पाहिजे.