जब्बार पटेलांचा प्रश्न आणि ढोकीचे धुराडे

धाराशिव तालुक्यातील ढोकी आणि कसबे तडवळे ही दोन गावे एकाच टापूतली. ढोकी हे तेरणा सहकारी साखर कारखान्याचे गाव. मराठवाड्यातील सहकाराच्या आरंभीच्या उभारणीचे ते एक प्रतीक. कसबे तडवळे येथे 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. तेव्हा हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. एका गावाने सहकारी सत्तेचा उदय पाहिला. ज्यांना गावच्या सत्तेत कधीच जागा नव्हती त्यांचा आवाज दुसऱ्याने ऐकला. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल यांच्या चित्रपटीय कारकिर्दीची दोन टोकेही हीच आहेत : 1975 सालचा ‘सामना’ आणि 2000 साली प्रदर्शित झालेला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’. म्हणून या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी त्यांच्या कामाकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहता कामा नये.

पटेलांचा जन्म 1942 सालचा, पंढरपूरचा. शालेय शिक्षण सोलापुरात आणि वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात झाले. पुढे दौंडला त्यांनी बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. 1972 साली त्यांनी दिग्दर्शित केलेले विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ मूळ संस्थेने थोड्याच प्रयोगांनंतर थांबवले. तेव्हा या तरुण मंडळींनी ‘थिएटर अकॅडमी’ ही स्वतःची संस्था उभारली आणि नाटक पुन्हा रंगभूमीवर आणले. या घटनेकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. ज्याची भाकरी कलेवर अवलंबून नाही, त्याला कलेत सत्य बोलण्याची मुभा अधिक असते. ज्याचा ऊस, ज्याचे कर्ज आणि ज्याच्या मुलाची नोकरी एकाच माणसाच्या मुठीत आहे, त्याला ती मुभा कोठून असणार?

‘सामना’ नेमका याच मुठीचा चित्रपट आहे. तेंडुलकरांची पटकथा आणि जामखेडच्या रामदास फुटाण्यांची निर्मिती असलेल्या या चित्रपटात कारखाना आणि संस्था हाताशी असलेल्या हिंदुराव धोंडे पाटलासमोर एक उद्ध्वस्त, व्यसनी, जुना गांधीवादी मास्तर उभा राहतो. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढेच तो विचारीत राहतो. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या अभिनयाने हा संघर्ष अविस्मरणीय झाला. 1975 च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत हा चित्रपट होता. प्रवरेचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून 1950 साली सुरू झाला. त्यानंतर अवघ्या पंचवीस वर्षांत सहकाराची ही दुसरी बाजू पडद्यावर आली. हिंदुरावाला पटेलांनी केवळ खलपुरुष केले नाही. तो कर्तबगार आहे, त्याने खरोखरच काही उभारले आहे. आणि उभारणी हेच तो मौनाचे मोल म्हणून मागतो. ‘विकास झाला, आता प्रश्न कशाला?’ या युक्तिवादाचे इतके अचूक चित्रण मराठीत क्वचितच झाले असेल.

तथापि पुढच्या चित्रपटांकडे पाहता एक गोष्ट खटकते. ‘सिंहासन’मधील (1979) पत्रकार दिगू टिपणीस सत्तेचे सगळे डाव जाणतो, पण त्या जाणिवेच्या ओझ्याखाली स्वतःच मोडून पडतो. ‘उंबरठा’मधील (1982) सुलभा महाजन महिलाश्रमातील अन्यायाशी झुंजते आणि अखेर आश्रम व घर दोन्हींना मुकते. मास्तर, दिगू, सुलभा : तिघेही सच्चे आणि तिघेही एकटे. त्यांच्यामागे ना संघटना आहे, ना लढा. मध्यमवर्गीय सदसद्विवेकाची ही व्यथा खरी आहे, परंतु ती अपुरी आहे. एकट्याच्या प्रश्नाने सत्ता अस्वस्थ होते, बदलत नाही.

ही अपुरी राहिलेली रेषा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मध्ये पुढे सरकते. केंद्र व महाराष्ट्र शासनाच्या अर्थसाहाय्याने हा चित्रपट निघाला; त्यातील भूमिकेसाठी मामुट्टींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सरकारी पैशाने काढलेला चरित्रपट गौरवग्रंथ होण्याचा धोका असतो, आणि काही ठिकाणी तो जाणवतोही. पण येथे प्रश्न विचारणारा नायक प्रथमच एकटा नाही. महाडच्या तळ्यावर पाणी पिण्यासाठी गेलेला समुदाय हाच त्या प्रश्नाचा खरा धनी आहे. मारुती कांबळेचे काय झाले हे येथे मारुतीचीच माणसे विचारतात.

या जिल्ह्याला आज याच फरकाची गरज आहे. 2018 साली नीती आयोगाने देशातील मागास, ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत तत्कालीन उस्मानाबादची नोंद केली. 2012-13 च्या दुष्काळात माणसांना पिण्याचे पाणी मिळेना, तरी पाणी पिणाऱ्या उसाचे अर्थकारण बदलले नाही. ढोकीचे धुराडे कित्येक हंगाम थंड राहिले. त्याचा फटका बसला तो सभासद शेतकऱ्याला आणि कामगाराला. तोडणीसाठी परजिल्ह्यात जाणाऱ्या मजुराच्या नावे तर सहकारात भागभांडवलही नव्हते. या सर्वांचे काय झाले, हा प्रश्न कोणा एका मास्तराने विचारून भागणार नाही. वार्षिक सभेत ताळेबंद वाचून दाखवा म्हणणारे दहा सभासद आणि थकीत मजुरीची यादी घेऊन बसणारे पन्नास मजूर एकत्र आले, तर हिंदुरावाच्या मौनाचा बाजार उठू शकतो.

गावोगावच्या अभ्यासवर्गांत ‘सामना’ अवश्य दाखवावा. पण चित्रपट संपल्यावर दिवे लावून सभा उठवू नये. आपल्या गावचा मारुती कांबळे कोण, हे तेथेच विचारावे, आणि उत्तर देणाऱ्याला एकटे सोडू नये.