लोखंड टिकते, मेंदू बदलावा लागतो

कर्जत-जामखेड परिसरात औद्योगिक वसाहत व्हावी आणि ती कोणत्या जागी व्हावी, हा वाद २०२३ मध्ये थेट विधानभवनाच्या आवारापर्यंत जाऊन पोहोचला. वसाहत हवी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. कुकडीच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या या अवर्षणप्रवण तालुक्यात शेतीबाहेरचे काम निर्माण झाल्यावाचून चाकण, रांजणगाव आणि सुपे यांकडे वाहणारा तरुणांचा ओघ थांबावयाचा नाही. तथापि या साऱ्या चर्चेत जमीन, रस्ता, पाणी आणि वीज यांचाच उच्चार होतो. यंत्र चालविणे आणि यंत्र समजणे यांत जे अंतर आहे, त्याची वाच्यता कोणी करीत नाही. वस्तुतः वसाहतीचा फलक लागण्याची वाट न पाहता तालुक्याला आजच हाती घेता येईल असे एक काम आहे. ते म्हणजे जुन्या सीएनसी यंत्रांना नवे नियंत्रण बसविण्याचे. कारखान्यात त्याला रेट्रोफिटिंग म्हणतात.

एका यंत्राची दोन वये

संगणकाच्या आज्ञेने चालणारे लेथ किंवा मिलिंग यंत्र ही एकच वस्तू दिसत असली, तरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती दोन वस्तूंची जोडी आहे. बिडाचा पाया, अचूक घासलेले सरकमार्ग, बॉलस्क्रू आणि स्पिंडल हा तिचा एक भाग. त्यांना हुकूम देणारे नियंत्रण हा दुसरा. १९५२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र दाखविले, तेव्हापासून या दुसऱ्या भागाच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या. छिद्रे पाडलेल्या फिती गेल्या, संगणक आले, तेही जुने झाले. पहिल्या भागाचे तसे नाही. निगा राखली तर बीड तीस-चाळीस वर्षे सहज काम देते; नियंत्रकाचे सुटे भाग मात्र त्याच्या कितीतरी आधी बाजारातून नाहीसे होतात.

हिशेबाच्या वहीत मात्र या दोहोंचा घसारा एकाच ओळीत मांडला जातो, आणि नियंत्रक मुका झाला की सबंध यंत्र भंगाराच्या भावाने निघते. शेतकऱ्याचा व्यवहार याहून शहाणपणाचा आहे. मोटार जळाली म्हणून कोणी विहीर बुजवीत नाही. मोटार गावात आणून तिची गुंडाळणी नव्याने केली जाते, आणि ते काम करणारी दुकाने कर्जतलाच काय, राशीन-मिरजगावलाही आहेत. हाच न्याय सीएनसी यंत्राला लावावयाचा, एवढेच या सूचनेचे तात्पर्य आहे.

निवड कशाची?

नव्या नियंत्रणाची आज्ञावली आज दुर्मीळ राहिलेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत ज्या नियंत्रण-आज्ञावलीचे मूळ आहे, तिचेच पुढचे रूप ‘लिनक्ससीएनसी’ या नावाने कोणालाही विनामूल्य मिळते. खरा प्रश्न तिच्या आणि यंत्राच्या मध्ये बसणाऱ्या इंटरफेस बोर्डाचा आहे. संगणकाची आज्ञा मोटारीच्या ड्राइव्हला कळेल अशा विजेच्या इशाऱ्यात रूपांतरित करणे, आणि यंत्रावरील स्विचांचा व एन्कोडरचा निरोप संगणकाकडे परत नेणे, हे या दुभाष्याचे काम. दुभाषा चुकीचा निवडला की दोन शहाणी माणसेही एकमेकांना मूर्ख ठरवितात. येथेही तसेच घडते.

पहिला विचार व्हावयास हवा तो यंत्रावरील मोटारींचा. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील पुष्कळ यंत्रांत सर्व्हो ड्राइव्हला उणे दहा ते अधिक दहा व्होल्ट या मर्यादेतील दाबाने वेगाची आज्ञा दिली जाते. हा दाब देणारा आणि एन्कोडरची गणना वाचणारा बोर्ड घेतला, तर सुस्थितीतील मोटारी आणि ड्राइव्ह जागच्या जागी राहतात. केवळ स्वस्त म्हणून स्पंद आणि दिशा एवढेच देणारा बोर्ड आणला, तर चांगल्या मोटारी काढून नव्या घ्याव्या लागतात. बोर्डावर वाचविलेला पैसा मग मोटारींवर कितीतरी पटींनी खर्च होतो. उलटपक्षी, काही मोटारींचे एन्कोडर केवळ आपल्याच कंपनीच्या नियंत्रकाशी बोलतात. तेथे जुने जपण्याचा हट्ट व्यर्थ असतो. बोर्डाची निवड म्हणजे किती जुने भांडवल वाचवावयाचे याचा निर्णय होय.

दुसरा विचार वेगाचा. पाच मिलिमीटर आट्याचा स्क्रू आणि एका फेऱ्याला २,००० स्पंद मागणारी स्टेपर मोटार असेल, तर एका मिलिमीटरला ४०० स्पंद लागतात. मिनिटाला तीन मीटर वेग हवा असल्यास सेकंदाला २०,००० स्पंद झाले. संगणकाच्या जुन्या प्रिंटर-पोर्टावरून एवढे कसेबसे साधते. परंतु मिलिमीटरला १,००० स्पंद आणि मिनिटाला दहा मीटर वेग हवा, तर सेकंदाला सुमारे १,६७,००० स्पंद लागतात. ते काम स्पंद स्वतः तयार करणाऱ्या बोर्डाचेच. हा गुणाकार शाळकरी मुलालाही येतो. तो खरेदीपूर्वी न केल्यामुळे यंत्र नंतर अडखळते आणि दोष आज्ञावलीवर जातो.

तिसरा विचार तारांच्या मोजदादीचा. प्रिंटर-पोर्टावर बारा इशारे बाहेर जातात आणि पाचच आत येतात. तीन अक्षांच्या साध्या मिलिंग यंत्रावरसुद्धा दोन्ही टोकांचे सहा मर्यादा-स्विच, आरंभबिंदूचे तीन, आपत्कालीन बटण, ड्राइव्हचा दोष आणि तेलाची पातळी धरली, तर बारा इशारे आत यावयाचे असतात. शिवाय कारखान्याचे स्विच चोवीस व्होल्टचे आणि संगणकाचा पोर्ट पाच व्होल्टचा. कॉन्टॅक्टरच्या खटक्यांनी भरलेल्या वातावरणात पाच व्होल्टचा नाजूक इशारा खोटे बोलू लागतो. म्हणून चोवीस व्होल्ट स्वीकारणारा आणि विद्युतदृष्ट्या अलग असलेला बोर्डच घ्यावा.

मांडणीची शिस्त

योग्य बोर्ड आणला की काम संपले, असे नव्हे. निम्मे यश मांडणीत असते. जुना नियंत्रक काढण्यापूर्वी प्रत्येक तारेला क्रमांक देणे आणि त्यातील आकडेमोड उतरवून घेणे अगत्याचे आहे. अनेक जुन्या नियंत्रकांची स्मृती बॅटरीवर जगते. बॅटरी संपली की यंत्राचे सारे माप पुसले जाते. एन्कोडरची दिशा उलटी जोडली गेली, तर नियंत्रण चूक कमी करण्याऐवजी वाढवीत नेते आणि यंत्राचे मेज बेफाम धावत सुटते. यास्तव पहिली चाचणी मोटार स्क्रूपासून सोडवूनच घ्यावयाची असते. आपत्कालीन बटणाने थेट वीज तुटली पाहिजे. ते संगणकाच्या मर्जीवर सोडणे म्हणजे कामगाराचे बोट संगणकाच्या मर्जीवर सोडणे होय. वीज जाताच उभ्या अक्षाचा ब्रेक लागला पाहिजे आणि संगणक गोठताच बोर्डाने आपण होऊन सारे बंद केले पाहिजे.

कर्जतसारख्या कोरड्या मुलखात आणखी एक पथ्य आहे. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगचा खड्डा आपले काम सोडतो. त्यात पाणी घालण्याची आठवण ज्या कार्यशाळेला राहात नाही, तिने महागडा बोर्ड घेऊनही उपयोग नाही.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

या विचाराविरुद्ध काही रास्त आक्षेप आहेत. सरकमार्ग झिजलेल्या यंत्राला कितीही हुशार नियंत्रण दिले, तरी ते अचूक काम करणार नाही. म्हणून बोर्डाआधी डायल गेजने बीड तपासले पाहिजे, आणि खोट आढळल्यास यंत्राचा मोह सोडला पाहिजे. नव्या यंत्रामागे विक्रेत्याची हमी असते, घरी सुधारलेल्या यंत्रामागे नसते, हेही खरे. ज्या कारखान्यात यंत्र एक दिवस थांबले तर साखळी तुटते, तेथे नवे यंत्र घेणेच शहाणपणाचे ठरेल. पण अवजारांचे आणि ट्रॉलींचे सुटे भाग करणाऱ्या, लहान तुकड्यांत काम घेणाऱ्या कार्यशाळेचे गणित निराळे आहे. तिच्यापाशी वेळ असतो, भांडवल नसते. नव्या यंत्राचे कर्ज तिला पेलत नाही. जुने बीड आणि चार महिन्यांची मेहनत पेलते.

हमीचा आक्षेप मात्र खोलवर नेला तर तो यंत्राविषयी नसून माणसाविषयी आहे, असे दिसून येईल. यंत्र बिघडल्यावर ते दुरुस्त करणारा जवळपास नाही, ही खरी भीती आहे. हमी म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानाचे आगाऊ दिलेले भाडे. ते ज्ञान तालुक्यातच असेल, तर भाडे देण्याचे कारण उरत नाही.

आज तालुक्यातील मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडतो, एखाद्या वसाहतीत सीएनसीवर उभा राहतो आणि वर्षानुवर्षे माल चढविणे, बटण दाबणे आणि माल उतरविणे एवढेच करतो. त्याच्या अंगी जे कौशल्य येते ते त्या एका पडद्यापुरते असते. यंत्र बदलले की त्याची किंमत शून्यावर येते. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने बोर्ड निवडला, तारा जोडल्या आणि मेज आज्ञेप्रमाणे सरकलेले पाहिले, त्याला मात्र कोणतेच यंत्र परके राहात नाही.

त्यासाठी फार मोठी योजना नको. कर्जतच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोडीत निघालेले एक यंत्र आणावे, दादा पाटील महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांना तेथे हात घालू द्यावा, परिसरातील अनुभवी फिटर आणि वायरमन यांना मानधन देऊन शिकविण्यास बोलवावे, आणि केलेल्या मांडणीची टिपणे मराठीत लिहून ठेवावीत. पहिले यंत्र चालण्यास वर्ष लागेल. दुसऱ्याला तितके लागणार नाही. कारण पहिल्या यंत्राबरोबर माणसेही तयार झालेली असतील.

वसाहतीची जागा मुंबईत ठरते. तेथे उभ्या राहणाऱ्या कारखान्यांत कर्जतची मुले दाराशी उभी राहतील की यंत्राचे झाकण उघडून आत पाहतील, हे ठरविणे मात्र कर्जतच्याच हाती आहे.