‘सगळे यूट्यूबवर आहे’ म्हणणाऱ्यांस

पनवेलात एखादा जुना वाडा पुनर्विकासाला जातो, माळ्यावरून बालगंधर्वांच्या तबकड्या निघतात आणि ‘हे सगळे यूट्यूबवर आहे’ एवढ्या एका वाक्यावर त्या भंगारात जातात. इतिहासाच्या दृष्टीने हे वाक्य खोटे आहे.

डिजिटल संगीताने तबकडीचा जीव घेतला, हा विलापही तितकाच पोकळ. लाखेची ७८ फेऱ्यांची तबकडी हटवली ती विनाइलने. आणि भारतात विनाइलला मागे सारले ते १९८० च्या दशकातील कॅसेटने. उलट स्ट्रीमिंगच्या ऐन भरात, २०२२ मध्ये, अमेरिकेत विनाइल तबकड्यांचा खप सीडींहून अधिक झाला. १९८७ नंतर प्रथमच. विनाइल जगेल. त्यावर काय कोरले जाईल, हा खरा प्रश्न.

जुनी तबकडी म्हणजे निव्वळ आवाज नव्हे. लेबलावर पद, गायक आणि क्रमांक असतो. लेबलाभोवतीच्या मोकळ्या कड्यात मॅट्रिक्स क्रमांक असतो आणि त्यावरून ध्वनिमुद्रणाचा काळ ठरवता येतो. १९०२ पासून कोलकात्यात ध्वनिमुद्रण करणाऱ्या गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव पुकारत; कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हरला, आणि तेथे गायिका कोण हे कळणार कसे? आज ‘सफाई’च्या नावाखाली ती पुकार कापणे म्हणजे दस्तऐवजावरील सही खोडणे होय.

याहून घातक चूक वेगाची. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर फिरवली की पांढरी पाचमध्ये गाणारा गायक जवळजवळ काळी चारमध्ये ऐकू येतो, लयही चढते. फडके नाट्यगृहात नाट्यपद गाणारा पनवेलचा तरुण ते बहुधा मोबाईलवरूनच शिकलेला असतो. त्याने गुरू मानलेला आवाज कदाचित कोणा मानवी गळ्यातून कधी उमटलाच नसेल! अशाच डिजिटल प्रतीवरून नवे विनाइल छापले की चुकीला पुन्हा खाचांची प्रतिष्ठा मिळते.

लाख ठिसूळ असते, म्हणून डिजिटल प्रत हवीच. कायद्याची सबबही चालणार नाही : ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. मग प्रतीसोबत लेबलाचे छायाचित्र, दोन्ही क्रमांक आणि वाजवलेला वेग देण्यास अडचण कोणती? आणि माळा रिकामा करणाऱ्याने भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी तबकडीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. मोबाईल हातात असतोच.