गाडी सुरू होईना? आधी दिवा लावून बघा

वाचकहो, या खेपेला एका जुन्या गाडीची आणि आमच्या एका चुकीची हकिकत सांगायची आहे. चूक आमची होती, भुर्दंड मात्र दुसऱ्या घराला पडला. तेव्हा ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आमचे संगमनेर बिड्यांचे गाव. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी तीस वर्षे मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या. फंडाची रक्कम हाती आली, तेव्हा त्यांनी मुलाला १९९९ सालची जुनी मारुती ८०० घेऊन दिली. गल्लीतले काही हसले. मावशी म्हणाल्या, "लेक बाळंतपणाला येईल. रात्री-अपरात्री कुणाचं दार वाजवायला नको."

२०२४च्या डिसेंबरात लेक माहेरी आली. एका रात्री दीडच्या सुमारास कळा सुरू झाल्या. मुलाने चावी फिरवली. आवाज आला, 'टक्'. पुन्हा चावी, पुन्हा 'टक्'. धक्का मारावा तर गल्ली अरुंद आणि पुढे चढ. शेवटी दार वाजवावेच लागले. शेजारच्या रिक्षावाल्या भावाने झोपेतून उठून सगळ्यांना घुलेवाडीच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचवले. पहाटे मुलगी झाली. माय-लेकी सुखरूप.

सकाळी आम्ही तेथे गेलो आणि न विचारता निकाल देऊन मोकळे झालो, "बॅटरी गेली. थंडीत जातेच." मावशींनी आमचा शब्द मानला. बचत गटातून साडेतीन हजार उचलले, जुनी बॅटरी बदल्यात देऊन नवी बसवली. आठ दिवस गाडी चालली. नवव्या दिवशी पुन्हा 'टक्'. एका गॅरेजवाल्याने सांगितले, सेल्फ बदला. आता मात्र मावशी आमच्याकडे बघू लागल्या, आणि आम्ही जमिनीकडे.

गल्लीच्या टोकाला एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "चावी मारताना हेडलाइट मंद झाला होता का?" नव्हता झाला. लख्ख होता. तो आम्ही डोळ्यांनी पाहिला होता, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

त्यांनी पुन्हा दोन-तीनदा चावी मारायला लावली आणि बॉनेटखालच्या अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला. म्हणाले, "ही गरम झाली बघा." मग जम्पर केबलचे एक टोक बॅटरीच्या वजा खुंटीला आणि दुसरे थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावले. "मार आता सेल्फ." गाडी एका झटक्यात सुरू झाली. दोष ना बॅटरीत होता, ना सेल्फमध्ये. इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली गंजली होती. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, पुन्हा आवळला. खर्च शून्य.

आता यामागचे कारण समजून घेऊ. आम्ही कारकून माणसे, आम्हाला खतावणीच्या भाषेत चटकन कळते. वीज बॅटरीच्या अधिक खुंटीतून निघते, काम करते आणि वजा खुंटीकडे परत येते. गेलेली रक्कम परत आली नाही तर व्यवहार पुरा होत नाही. गाडीत परतीच्या वाटेसाठी प्रत्येक दिव्याला लांब वायर नसते. गाडीचा पत्रा आणि इंजिनचे लोखंड हीच परतीची वाट. तीच अर्थिंग.

शिवाय सगळ्यांचा खर्च सारखा नसतो. दोन्ही हेडलाइटना मिळून साधारण १० अँपिअर लागतात. सेल्फ मात्र क्षणभर का होईना, १०० अँपिअर आणि त्याहूनही जास्त ओढतो. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ आला, त्याआधी हे काम माणूस हँडल फिरवून करी. आपल्याकडे जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरला समोरून हँडल मारलेले अनेकांना आठवत असेल. इतक्या जोराचे काम सेल्फ करतो, म्हणून त्याला रुंद वाट लागते. गंजलेल्या पट्टीतून दिव्यापुरती वीज जाईल, सेल्फपुरती जाणार नाही. मग ती आडवाटेने, केबलीतून वगैरे परत जाऊ पाहते. म्हणून ती केबल गरम झाली होती.

काकांनी आम्हाला तपासणीचा जो क्रम शिकवला तो येथे देतो. कात्रण काढून गाडीच्या कप्प्यात ठेवावे.

पहिले, हेडलाइट लावा आणि एकाने समोर उभे राहून बघा. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा. दिवा मुळातच मंद असेल, किंवा चावी मारताच एकदम मावळून 'टकटकटक' आवाज येत असेल, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या खुंट्यांवरची पकड ढिली आहे. दिवा लख्ख राहिला आणि एकच 'टक्' आला, तर वीज सेल्फपर्यंत पुरी पोहोचत नाही, परतीची वाट तुटली आहे किंवा सेल्फच अडकला आहे. दिवा लख्ख आणि आवाजच नाही, तर चावीचा स्विच, फ्यूज किंवा सेल्फला जाणारी बारीक वायर पाहा. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल येते का आणि प्लगला ठिणगी मिळते का, ते तपासा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात पावसाळी ओल धरली तरी असे होते.

दुसरे, बॅटरीच्या खुंट्या पाहा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी काळी म्हणजे वजा वायर सोडा, मग लाल. बसवताना उलट, आधी लाल आणि शेवटी काळी. काळी आधी सोडली की लाल खुंटीवरचा पाना चुकून पत्र्याला टेकला तरी भडका होत नाही. गरम पाण्यात खायचा सोडा घालून खुंट्या धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडे करून घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा.

तिसरे, तीन-चारशे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. चौघांनी मिळून एक घेतला तरी गल्लीला पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जाऊ नये. गाडी सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसले पाहिजे. दिसले नाही तर अल्टरनेटर भरणा करत नाही, मग बॅटरी कितीही नवी घाला, ती उतरणारच. काही जण चालू गाडीची बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासतात. तसे कधी करू नका, अल्टरनेटर आणि नव्या गाडीचा कॉम्प्युटर दोन्ही जळू शकतात.

चौथे, बॅटरी उतरलीच असेल तर का उतरली ते शोधा. मारुतीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. दोन्ही हेडलाइट चालू राहिले तर तीन-साडेतीन तासांत संपते. डिकीचा किंवा छताचा छोटा दिवाही दोन-तीन दिवसांत तेच करतो.

आता जिवाच्या गोष्टी. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. बॅटरीजवळ वाकताना तोंडात बिडी नको. आमच्या गावात हे दोनदा सांगावे लागते. आत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, आम्ल नाही आणि नळाचे पाणीही नाही. दुसऱ्या गाडीची वीज घेताना लाल खुंटी लालला जोडा. काळी वायर चांगल्या गाडीच्या वजा खुंटीला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. उडालेल्या फ्यूजऐवजी तार किंवा सिगारेटची चांदी लावू नका. फ्यूज स्वतः जळून गाडी वाचवतो. तार लावली की जळायची पाळी गाडीवर येते. आणि घरात आजारी माणूस किंवा अडलेली बाई असेल तर बॉनेट उघडत बसू नका. आधी १०८ला फोन करा, रिक्षावाल्याला उठवा. गाडी सकाळी बघता येते.

असो. बचत गटाचे राहिलेले हप्ते आम्ही भरू, असे म्हणालो. मावशींनी दोनच घेतले. म्हणाल्या, "भाऊ, नवी बॅटरी काही वाया गेली नाही, आज ना उद्या लागलीच असती. पण तुम्ही न बघता बोललात, ते मात्र पेपरात लिहा."

लिहिले आहे. यापुढे कोणाची गाडी बंद पडली तर आम्ही आधी हेडलाइट लावायला सांगू, आणि त्यानंतरच तोंड उघडू. गॅरेजवाला "अमुक बदला" म्हणाला, तर तुम्हीही त्याला नम्रपणे विचारा, "दादा, कशावरून?" चांगला मिस्त्री या प्रश्नावर रागावत नाही. तो मीटर लावून दाखवतो.