भिंतीच्या आधींची रेघ

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव गोरोबाकाकांमुळें महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. प्राचीन ग्रीक व्यापारवृत्तान्तांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ज्या तगर नगराचा उल्लेख येतो, तें हेंच, असें इतिहासज्ञ मानतात. येथील त्रिविक्रमाचें जुनें मंदिर विटांचें आहे. विटांची कोणतीहि चांगली भिंत लक्षपूर्वक पाहिली, तर गवंडी वरच्या थरांतील उभा सांधा खालच्या थरांतील सांध्यावर येऊं देत नाहीं, असें दिसून येतें. चार विटांचे कोपरे एके ठिकाणीं आले, कीं तेथें भिंत कच्ची राहते. सांधेमोडीचा हा नियम मनुष्यानें अनुभवानें शोधला. वनस्पति मात्र तो कोट्यवधि वर्षें पाळीत आल्या आहेत. त्यांचा गवंडी कोण, याचा विचार या वेळीं आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों.

प्राण्याची पेशी दुभंगतांना कमरेशीं आवळली जाऊन तिच्या दोन होतात, आणि त्यांतील कित्येक पुढें शरीरांत स्थलांतरहि करूं शकतात. वनस्पतीच्या पेशीस ही मोकळीक नाहीं. तिच्याभोंवतीं ताठ भिंत असते व ती भिंत शेजारच्या पेशींशीं सांधलेली असते. जेथें जन्म, तेथेंच आयुष्य. म्हणून पेशी दुभंगतांना मधली नवी भिंत कोठें व कोणत्या दिशेनें घालावयाची, हा निर्णय कायमचा असतो. चुकलेली भिंत पाडून पुनः बांधण्याची सोय तेथें नाहीं.

या प्रश्नाकडे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांचें लक्ष एकोणिसाव्या शतकांतच गेलें होतें. इ. स. १८६३ मध्यें होफमाइस्टर यांनीं सांगितलें, कीं नवी भिंत वाढीच्या दिशेला आडवी पडते. १८७८ मध्यें सॅक्स यांनीं दाखविलें, कीं ती बहुधा पेशीचे दोन समान भाग करते व जुन्या भिंतीस काटकोनांत मिळते. पुढें १८८६ मध्यें बेल्जममधील एरेरा यांनीं तिची तुलना साबणाच्या पातळ पडद्याशीं केली. असा पडदा शक्य तितक्या कमी क्षेत्रफळांत आपलें काम भागवितो. हे नियम पुष्कळ ठिकाणीं खरे ठरतात. परंतु पेशी ते अमलांत कसे आणते, हें त्यांवरून कळत नव्हतें.

त्याचा उलगडा १९६६ मध्यें केंब्रिज येथें होऊं लागला. पिकेट-हीप्स व नॉर्थकोट हे गव्हाच्या कोंवळ्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत होते. पेशी दुभंगण्यापूर्वींच तिच्या आंतल्या कडेनें सूक्ष्म नलिकांचा एक पट्टा कमरपट्ट्याप्रमाणें वेढलेला त्यांना आढळला. अशा एका नलिकेची जाडी मिलिमीटरच्या सुमारें चाळीस हजाराव्या भागाइतकी असते. नवल हें, कीं प्रत्यक्ष विभाजन सुरू होतांच हा पट्टा नाहींसा होतो. आणि नंतर मध्यभागीं सुरू झालेली नवी भिंत बाहेर पसरत पसरत, जेथें पट्टा होता नेमकी तेथेंच जाऊन मिळते. सुतार गेरूंत भिजविलेली दोरी लांकडावर ताणून सोडतो. दोरी उचलली तरी रेघ राहते. येथेंहि तसेंच आहे. पट्टा गेल्यावर कांहीं विशिष्ट प्रथिनें खूण म्हणून मागें राहतात. शेजारच्या दोन पेशींमधील भिंत जेथें येऊन टेकली आहे, ती जागा हा पट्टा बहुधा टाळतो. पेशींच्या वस्तींत चौक क्वचित् आणि तिठे फार, तें यामुळेंच.

मात्र हा पट्टा म्हणजे सर्वस्व नव्हे. मोहरीच्या कुळांतील एका लहान रोपाचे पट्टा नसलेले वाण घेऊन केलेले प्रयोग २०१७ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांत पेशी दुभंगल्या, भिंतीहि पडल्या. पण त्यांच्या दिशेंतला नेमकेपणा ढळला. दोरीवांचून भिंत उभी राहते, सरळ राहीलच असें नाहीं.

या नेमकेपणावर काय अवलंबून आहे, हें धाराशिवच्या काळ्या रानांतील रब्बी ज्वारी सांगेल. पाऊस सरतां सरतां पेरलेलें हें पीक मुख्यतः जमिनींत मुरलेल्या ओलीवर वाढतें. त्याच्या पानांवर हवा आंत घेणारीं सूक्ष्म रंध्रें असतात, व त्यांतूनच पाणीहि उडून जातें. ज्वारी, गहूं, हरळी अशा तृणकुळांतील वनस्पतींत प्रत्येक रंध्राच्या दोन रक्षक पेशींना दोन बाजूंस दोन साहाय्यक पेशी लाभलेल्या असतात. त्या घडवितांना शेजारची पेशी समान भागांचा नियम मोडते: तिचें केंद्रक रंध्राच्या बाजूस सरकतें, पट्टा तेथेंच वळसा घेतो, आणि एक वक्र भिंत लहानशी फांक वेगळी करते. या साहाय्यकांमुळें रंध्रें झटकन् उघडतात व मिटतात. त्यांवांचून वाढलेल्या एका रानगवताचा अभ्यासहि २०१७ मध्येंच प्रसिद्ध झाला; त्याचीं रंध्रें कमी उघडत व सावकाश हालत. ज्या रानांत पाण्याचा थेंब थेंब मोजावा लागतो, तेथें दार वेळेवर मिटणें किती मोलाचें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

घरांत शाळकरी मुलें असतील तर त्यांना कांद्याच्या पाकळीचा आंतला पातळ पापुद्रा शाळेंतील सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यास सांगावें, आणि त्यांत चौक किती व तिठे किती हें मोजावयास लावावें. प्रत्येक तिठा म्हणजे भिंत पडण्याआधीं ओढलेल्या व पुसून टाकलेल्या एका रेघेची साक्ष होय.