झाडास परवानगी लागते. तोडणाऱ्यास का नको?

गोरेगावनजीकच्या आरे वसाहतीत सन 2019 च्या ऑक्टोबरात जे घडले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. ता. 4 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मेट्रोच्या कारशेडसाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्धचे अर्ज फेटाळले, त्याच रात्री तेथे यांत्रिक करवती सुरू झाल्या, आणि ता. 7 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली, तोपर्यंत 2,141 झाडे आडवी झाली होती. ती तोडणे योग्य होते की नाही, या वादात मी येथे शिरत नाही. माझा प्रश्न निराळा असून तो आपणा बागायतदारांच्या अधिक जवळचा आहे. झाडे किती, परवानगी कोणाची, यांवर एवढा खल झाला. परंतु अशी करवत ज्याच्या हाती द्यावयाची, त्यास ती चालविण्याचे शिक्षण मिळाले आहे काय, हे विचारण्याची आपल्याकडे मुळी चालच नाही.

प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. आंबा, फणस, साग, खैर, जांभूळ आदिकरून ठराविक जातींचे झाड तोडण्यापूर्वी 1964 च्या कायद्याने परवानगी घ्यावी लागते. शहरांसाठी 1975 चा कायदा आहे. अर्ज येई, सोबत सातबारा असे, पंचनामा होई; झाडाची जात, बुंध्याचा घेर, जमिनीची हद्द असे सर्व रकाने भरले जात. तोडणारा कोण व तो काय शिकला आहे, असा रकाना मात्र माझ्या पाहण्यात कधी आला नाही. आणि तो असावा, असे मलाही कधी सुचले नाही.

ते सुचले फार उशिरा. ता. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, आणि ज्या यांत्रिक करवतीस आपण 'कटर' म्हणतो तिला प्रत्येक वाडीतून मागणी आली. आमच्या गावच्या वाडीत एक जुना फणस अर्धी मुळे उपटून बांधाकडे कलला होता. मी एक कटरवाला रोजावर आणविला. डोक्यास काही नाही, पायांत साध्या वहाणा. कलाच्या बाजूने आधी खाच न घेता तो मागूनच कापत गेला. बुंधा उभा चिरला आणि मागे उसळून त्याच्या छातीवर बसला. तालुक्यास नेईपर्यंत तो गेला. शेतकऱ्यांसाठीच्या अपघात योजनेचा लाभ खातेदारास व त्याच्या घरातील एका माणसास मिळतो. याच्या नावे तर एक गुंठाही नव्हता. ज्याचा जन्म कागद करण्यात गेला, त्या मला त्याच्या बायकोसाठी एक कागद करता आला नाही. दोष त्याचा म्हणावा तर मी तरी त्यास काय विचारले होते? रोज किती घेशील, एवढेच.

पुढे या विषयाची माहिती मिळविली, तेव्हा कळले की यात दैवाचा भाग थोडा आणि विद्येचा मोठा आहे. कटरची साखळी सेकंदास सुमारे 20 मीटर वेगाने धावते. पात्याच्या टोकाची वरची बाजू कशास टेकली की करवत उसळून चालविणाऱ्याच्या तोंडावर येते. झाड ज्या बाजूस पाडावयाचे त्या बाजूस प्रथम खाच घ्यावयाची. मग मागून कापताना मध्ये लाकडाची एक पट्टी राखावयाची, ती दाराच्या बिजागरीप्रमाणे झाडास नेमक्या दिशेने खाली नेते. पळावयाची वाट आधीच मोकळी करून ठेवावयाची. खांद्याच्या वर करवत उचलावयाची नाही. ह्या गोष्टी काही बारा वर्षांच्या तपश्चर्येच्या नव्हेत.

स्वीडनमध्ये धंदा म्हणून कटर चालविणाऱ्यास शिक्षणाचा दाखला लागतो. फिलिपाइन्सने 2002 साली कायदा करून कटर बाळगण्यावर नोंदणीचे बंधन घातले. इतके दूर जाण्याचेही कारण नाही: नारळ विकास मंडळाने 2011 पासून केरळात तरुणांना यंत्राच्या साह्याने माडावर चढण्याचे शिक्षण देऊन तयार केले. माडावर चढणाऱ्यास जे मिळाले, ते झाड पाडणाऱ्यास का मिळू नये?

दोन आक्षेप येतील. पहिला, दाखला म्हणजे चिरीमिरीचे आणखी एक टेबल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ती टेबले मी जवळून पाहिली आहेत. म्हणून परीक्षा टेबलावर नकोच. ती रानात, प्रत्यक्ष ओंडक्यावर आणि चारचौघांदेखत व्हावी. दुसरा, गरिबाची रोजी जाईल. तेव्हा शिक्षण मोफत असावे, शिकण्याच्या दिवसांचा रोज द्यावा, आणि परीक्षा तोंडी व हाताची असावी. म्हणजे आरेच्या पाड्यांतील वारली किंवा आपल्याकडील कातकरी, ज्यांना झाडाचा कल आपल्याहून चांगला कळतो, ते अक्षरावाचून मागे राहणार नाहीत.

दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे महाविद्यालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. हे काम त्यांनी अंगावर घ्यावे. खुद्द आरेत पावसाळ्यात झाडे उन्मळून पडतात. नवे झाड न पाडता हात बसविण्यास तेवढी पुरे. परवानगीच्या अर्जात तोडणाऱ्याच्या दाखल्याचा एक रकाना सरकारने वाढवावा, आणि दाखल्याबरोबर त्याचा अपघात विमाही उतरवावा.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर आपल्या मंडळीने इतके तरी ठरवावे, की शिरस्त्राण, जाड बूट व पायांचे कवच यांचा एक संच गावोगाव सामाईक ठेवू, आणि तो अंगावर चढविल्याखेरीज कोणासही आपल्या बांधावर कटर सुरू करू देणार नाही. रोज किती, हा प्रश्न मागाहून विचारावा. कोठे शिकलास, हा आधी. मी तो विचारला नाही. वाचकांनी तरी विचारावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.