वीस जणांचे बळ

मुंबईच्या डबेवाल्यांचे कौतुक करताना दोन कारणे हमखास सांगितली जातात: झाकणावरच्या खुणा, आणि मावळ, खेड, जुन्नरकडच्या माणसांचे नातेगोते. दोन्ही अपुरी आहेत. डबा कुठे न्यायचा ते खूण सांगते. लोकल थांबते तेवढ्या क्षणांत तो पुढच्या माणसाच्या हाती पडेलच, याची हमी ती देत नाही. नात्याने हमी मिळत असती, तर भाऊबंदकी हा शब्दच मराठीत रुजला नसता.

खरे बळ गटाच्या आकारात आणि हिशेबात आहे. कोविडपूर्वी डबेवाले पाच हजारांच्या घरात होते. पण काम चाले साधारण १५ ते २५ जणांच्या गटात, मुकादमांच्या देखरेखीखाली. कमाई गटातच वाटली जाते. एकाने दांडी मारली की त्याचे डबे बाकीच्यांच्या खांद्यावर येतात, आणि ते कोणामुळे आले हे सगळ्यांना ठाऊक असते. मोठ्या जमावात नेमके हेच हरवते. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान याने १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोर ओढणारे आठ झाले, तेव्हा दरडोई जोर एकट्याच्या जोराच्या जवळपास निम्म्यावर आला. ताळमेळ चुकला असेल, ही शंका रास्त होती. म्हणून १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ लाताने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना डोळे बांधून ओरडायला लावले. काही फेऱ्यांत माणूस प्रत्यक्षात एकटाच ओरडत असे. सोबत इतर आहेत एवढ्या समजुतीनेच त्याचा आवाज उतरला.

मोठ्या कामाला मोठे मनुष्यबळ लागते, हा पहिला आक्षेप मान्य. पण माणसे वाढली की ताळमेळ राखायच्या जोड्या त्याहून वेगाने वाढतात: दहा जणांत ४५, वीस जणांत १९०. रखडलेल्या सॉफ्टवेअरवर माणसे वाढवली की ते आणखी रखडते, हे संगणकशास्त्रज्ञ ब्रूक्सने १९७५ मध्येच बजावले होते. मोठे काम करायचे ते लहान गट जोडून.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घट्ट गट दार लावून घेतो. डबेवाल्यांत स्त्रिया आणि परप्रांतीय विरळाच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा दोष जन्माच्या नात्याचा आहे, कामाच्या नात्याचा नव्हे. लाताने आणि सहकाऱ्यांच्याच १९८१ च्या प्रयोगात प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाईल असे कळताच अंगचोरी थांबली. त्यासाठी कोणी कोणाचा गाववाला असण्याची गरज पडली नाही. मात्र ही मोजणी साहेबाच्या कॅमेऱ्यावर सोपवू नये. पाळतीखालचा माणूस मोजले जाते तेवढेच करतो. शेजाऱ्याचे अडलेले काम कोणत्याच रकान्यात बसत नाही, आणि सहकार्य म्हणतात ते त्यालाच.